पहिलं पाणी

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्या गल्लीत नळ सकाळी येतो आणि पाऊण तासात जातो. येण्याआधी तो हवा सोडतो, दोन-चार शिंतोडे उडवतो आणि मग त्याला धार लागते. कित्येक वर्षं ती पहिली धार मी पितळेच्या गुंडात धरली. गुंड चिंचेने घासलेला, तोंडाला धुतलेल्या लुगड्याचा चौपदरी तुकडा बांधलेला. माझ्याआधी त्या नळाला कोणी हात लावलेला मला चालत नसे.

माझं माहेर महाराष्ट्राच्या हद्दीतलं. तिथे मी चौथीपर्यंत शाळा शिकले आणि विहिरीवर पाणी भरायला शिकले. विहिरीचा नियम असा की उजाडताना जी पहिली घागर निघते, ती देवाची आणि पिण्याची. रात्रभर पाणी हललेलं नसतं, गाळ तळाला बसलेला असतो. दहा बायकांच्या बादल्या पडल्या की पाणी ढवळतं. नियम खरा होता. लग्न होऊन मी इकडे, बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या एका गावात आले, तिथेही विहीरच होती. पुढे नवऱ्याला राइस मिलमध्ये काम लागलं आणि आम्ही बालाघाटात आलो. विहीर मागे राहिली, नियम माझ्यासोबत आला. नळाचंही पहिलं पाणी देवाला आणि प्यायला. मग स्वयंपाकाचं, मग आंघोळीचं आणि शेवटचं, अगदी काचेसारखं पाणी, अंगण शिंपडायला. हे मी आज लिहिते तेव्हा मलाच हसू येतं. तेव्हा हसणाऱ्याला मी घराबाहेर काढलं असतं.

माझी सून बालाघाटचीच. ती बोलायला मराठीत सुरुवात करते आणि हिंदीत संपवते. लग्न होऊन आली तेव्हा तिने एकदा नळ सुरू करून पाणी तसंच नालीत सोडलं. मी धावत गेले.

"काय करून राह्यली वो? पाणी फेकाले तुह्या बापानं इथं विहीर खोदली काय?"

"आई, थोडं बह जाने दो ना. हमारे घर में पहले दस मिनिट बहाते थे."

"तुमच्या घरी बहाते असन. इथं पहिलं पाणी देवाचं असते."

तिने नळाखाली गुंड लावला. तिने पुन्हा कधी ते केलं नाही. माझ्याशी वाद घालून कोणाला काही मिळालेलं नाही, हे तिला माझ्या पोराने आधीच सांगितलं असावं.

मग तिला दिवस गेले. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मधे एकदा तिसऱ्या महिन्यात पोट खाली झालं होतं. म्हणून मी जास्त जपायला लागले. मला जपणं म्हणजे कामं करणं एवढंच येतं, गोड बोलणं येत नाही. मी काय केलं, तर तिच्यासाठी एक वेगळा तांब्या काढला. पहिल्या पाण्यातलंही अगदी पहिलं पाणी त्या तांब्यात. बाकीच्यांनी गुंडातलं प्यायचं, तांब्याला कोणी शिवायचं नाही. पोराने एकदा चुकून उचलला तर त्याच्या हातावर मी चमचा मारला. त्याच दिवसांत पोराने नळाला मोटर लावली. गल्लीत सगळ्यांनीच लावली होती, न लावणाऱ्याला पाणीच मिळत नव्हतं. मोटर सुरू केली की पहिली धार एकदम जोरात यायची. मला बरं वाटलं. तांब्या लवकर भरायचा.

सातवा महिना लागला आणि सुनेला अन्न नकोसं झालं. आधी मी लक्ष दिलं नाही. बाळंतपणाआधी बायकांना काय काय होतं. मग शेजारीण कढीपत्ता मागायला आली आणि सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काकी, इच्या डोळ्याईत पाहा बरं. हळद फासल्यावानी दिसते."

मी सुनेला दारात, उजेडात उभी केली. डोळे पिवळे होते. नखंही पिवळी होती. मी तिला रोज दहा वेळा बघत होते आणि मला दिसलं नव्हतं.

"गुपचुप खाल्ले असन स्टेशनजवळ," मी म्हणाले. पाणीपुरीला आमच्याकडे गुपचुप म्हणतात. "कितीदा सांगतलं, त्या बाहेरच्या पाण्यात हात बुडवतेत थे लोक."

"महिन्याभरापहले एक बार खाल्ले होते," सून म्हणाली.

"पाहा! एकदाच पुरे असते."

शेजारीण म्हणाली, एक माणूस आहे, कावीळ उतरवतो, हातावर चुना चोळून धुतो आणि पिवळं पाणी निघतं. मी निघालेच होते. पोराने मात्र रिक्षा आणली आणि सुनेला सरळ दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. मी बाहेर बाकावर होते. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं, कारण पोरगा नुसता रिपोर्टाचा कागद उलटसुलट करत होता आणि त्यांना कोणाला तरी समजावायचं होतं.

त्या म्हणाल्या, ही कावीळ पाण्यातून होते. घाण पाण्यातून, ज्यात मैला मिसळलेला असतो. इतर माणसाला कधी कळतही नाही, झालीच तर चार-सहा आठवड्यांत उठून बसतो. पोटुशी बाईला ती फार वाईट जाते. लिव्हर बसू शकतं. भरती करून ठेवू, रोज रक्त बघू.

"दोघं वाचतीन ना?" मी विचारलं.

"कोशिश पूरी करेंगे, अम्मा," त्या म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी दिला नाही. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, खरं बोलल्या हे बरं केलं. तिथल्या नर्सेसनीही ते पंधरा दिवस सुनेला आपल्या घरच्यासारखं सांभाळलं. त्यातल्या एकीचंही नाव मी विचारलं नाही, हे आता खटकतं.

पोरगा दवाखान्यात राहायचा, मी डबा करून नेत होते. डबा आणि तांब्या. हो, तांब्यासुद्धा. तीन दिवस मी ते पाणी दवाखान्यात नेलं. सुनेने ते प्यायलं नाही, कारण तिथे नर्स उकळलेलंच देत होती. ते मला कोणी सांगितलं नाही. तांब्या तसाच भरलेला परत यायचा आणि मला वाटायचं, हिच्या पोटात पाणीही ठरत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी तपासणारी एक बाई गल्लीत आली. आमच्या वॉर्डात आणखी दोन घरांत कावीळ निघाली होती, म्हणून घरोघरी फिरत होती. तिशीची असेल. खांद्याला पिशवी, पिशवीत बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीच्या तळाला कागदाची एक पट्टी.

"अम्मा, पीने का पानी दिखाइए."

मी तिला गुंड दाखवला. त्या गुंडात तोंड दिसतं एवढा तो लखलखीत असतो. म्हटलं, घ्या, अख्ख्या गल्लीत असं पाणी मिळायचं नाही. तिने बाटलीत पाणी भरलं आणि झाकण लावलं. मग विचारलं, हे कधी भरलं? मी सांगितलं, नळ आल्याबरोबर, सगळ्यात पहिलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अजून दोन बाटल्या काढल्या. एक तिने नळ सुरू होऊन बराच वेळ झालेल्या पाण्याने भरली. तिसरी रिकामी माझ्या हातात दिली. म्हणाली, यात उकळून गार केलेलं पाणी भरा. तिन्ही बाटल्या चुलीजवळ, उबेला ठेवा, पण आगीजवळ नको. पाणी काळं पडलं तर त्यात मैला आहे. नाही पडलं तर ठीक. मी परवा येते.

तिने बाटल्यांवर आकडे टाकले. एक म्हणजे माझा गुंड.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाताचं आधण ठेवायला गेले आणि गॅसशेजारच्या फळीवर ठेवलेल्या त्या बाटल्यांवर नजर गेली. तिसरी बाटली होती तशी होती. दुसरी जराशी मळकट झाली होती. पहिली काळी होती. शाईची बाटली असावी तशी.

मी ती हातात घेतली. घरात कोणी नव्हतं. खोटं कशाला लिहू, पहिला विचार मनात आला तो हा, की ही मोरीत ओतावी आणि त्या बाईला सांगावं, मांजरीने पाडली. सुनेला गुपचुपने कावीळ झाली हे सगळ्यांनी मान्य केलंच होतं. सुनेच्या आईनेही मान्य केलं होतं, लेकीला तिने माझ्यादेखत झापलं होतं. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. पण बाटली ओतली तरी तांब्या उरतच होता. मी तो माझ्या हाताने भरत होते. आणि ती पोरगी दवाखान्यातून घरी आली तर पुन्हा त्याच नळाचं पाणी पिणार होती, पोटातलं जगलं तर तेही.

गॅस बंद केला. बाटली रुमालात बांधली आणि रिक्षा करून दवाखान्यात गेले.

सून उशीला टेकून बसली होती. पोरगा औषधं आणायला गेला होता. मी बाटली तिच्या पुढ्यात धरली.

"हे काय आहे?"

"तुह्या तांब्यात भरत होती थेच पाणी. काळं झालं. गुपचुपवाल्याचा काही दोष नाही. मीच पाजलं तुले."

तिने बाटली हातात घेतली, उलटीसुलटी केली. मला वाटलं, आता बोलेल. बोलायला हक्क होता तिला. मी पहिल्याच महिन्यात तिला नळावरून हाकललं होतं, तिच्या बापाला मधे ओढलं होतं. ते सगळं तिच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. मग तिने बाटली परत दिली.

"म्हणजे ठीक झाल्यावर मी गुपचुप खाऊ शकते ना?"

"खाजो," मी म्हणाले. "पण पाण्याशिवाय."

"बिना पानी के गुपचुप कोण खाते, आई?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. सूनही हसली आणि तिला लगेच उमासा आला, मी भांडं धरलं. त्या दिवसापासून आजपर्यंत तिने त्या तांब्याचा विषय काढलेला नाही. भांडण झालं तरी काढत नाही, आणि आमची भांडणं होतात. मला आयुष्यात लोकांनी पुष्कळ काही दिलं, लुगडी दिली, धान्य दिलं, पण हे न बोलणं मी सगळ्यांच्या वर धरते. मी तिच्या जागी असते तर रोज बोलले असते.

ती बाटल्यांची बाई ठरल्या दिवशी आली. मी तिच्या पुढ्यात तिन्ही बाटल्या ठेवल्या आणि विहिरीचा नियम सांगितला. तिने तो नीट ऐकून घेतला. म्हणाली, अम्मा, नियम बरोबर आहे, पण तो उभ्या पाण्याचा आहे. नळाचं उलटं असतं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो. कुठे भोक असेल तर बाहेरचं आत ओढलं जातं. तुमची मोटर तर ते आणखी जोराने खेचते. रात्रभर जे आत शिरलं ते सकाळी सगळ्यात आधी येतं.

"मंजे मी गावभराची घाण गाळून गाळून तिले पाजली."

"कपडे से ये नहीं छनता, अम्मा," ती म्हणाली. "कपडे से कचरा छनता है."

तिने एवढंच सांगितलं, मला दोष दिला नाही. जाताना म्हणाली, पाइप कुठून येतो ते बघा.

बघितलं. गल्लीतला म्हातारा प्लंबर आला, त्याने नालीवरची फरशी उचलली. आमचा पाइप नालीच्या आतून आला होता. चार बोटं नालीच्या पाण्यात बुडालेला, सांध्याजवळ गंजून पत्रा झालेला. प्लंबरने बोट लावलं तर बोट आत गेलं. त्याने मान वर केली.

"काकी, बीस साल पहले मैंने ही डाला था. नाली बाद में बनी."

नालीच्या काठाला आम्ही दोघं. दोन गुन्हेगार. मग त्याने नवीन पाइप नालीच्या वरून, भिंतीला धरून नेला, आणि पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या आणखी पाच घरांचे पाइप तसेच वर काढले. माझी काळी बाटली मी घरोघर नेऊन दाखवली होती. शेजारणीने ती पाहून तोंडाला पदर लावला आणि दुपारीच आपल्या नवऱ्याला नाली उकरायला लावली. नळावरच्या मोटरीही आम्ही गल्लीतल्या सगळ्यांनी ठरवून काढल्या. आता पाणी आपल्या पायाने चालत येतं, हळू येतं, पण खेचून आणलेलं नसतं.

त्याच दिवसांत एक मशीनवाला आला, पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा. गल्लीत कावीळ आहे हे त्याला कसं कळलं देव जाणे. टाय लावलेला. त्याने आमच्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं, त्यात दोन सळया बुडवल्या आणि तार विजेला लावली. बघता बघता पाणी तांबडं, मग काळपट झालं, वर फेस आला. मी घाबरले. काळ्या पाण्याला मी आधीच घाबरलेली होते.

"देखा माताजी? ये पी रहे हैं आप."

मी आत गेले आणि उकळून गार केलेलं पाणी आणलं. "यात टाक."

त्याने टाकलं. तेही तांबडं झालं. मग मी दवाखान्यातून आणलेली विकतची बाटली आणली, सीलबंद. तिचं झाकण त्याच्यासमोर फोडलं. "यात टाक." त्याला टाकावं लागलं. तेही तांबडं झालं.

"बाबू," मी म्हणाले, "सगळ्याच पाण्यात घाण आहे, का तुह्या सळयाईत?"

तो म्हणाला, ते मिनरल असतं. मी म्हटलं, मग मिनरल घेऊन जा. नंतर बाटल्यांच्या बाईने सांगितलं, त्या सळया लोखंडाच्या असतात, वीज लागली की त्यांचाच गंज सुटतो. ती म्हणाली, मशीन वाईट नसतं, खारं पाणी असेल तिथे ते लागतं. तुमचं पाणी खारं नाही. तुम्हाला पाइप आणि पातेलं पुरे.

आमची रीत आता अशी आहे. नळ आला की पहिली दहा मिनिटं बादल्या भरायच्या, त्या संडासाला आणि अंगणाला. मग प्यायचं पाणी धरायचं. ते स्टीलच्या फिल्टरमधून जातं, ज्यात पांढऱ्या मेणबत्तीसारख्या दोन कांड्या असतात. आठ दिवसांत त्या विटकरी होतात, आमच्याकडच्या पाण्यात लोह आहे म्हणतात. साबण न लावता मऊ ब्रशने घासल्या की पुन्हा पांढऱ्या. पण कांड्यांवर माझा भरवसा नाही, गाळ आणि गंज अडवायला त्या ठीक आहेत. गाळलेलं पाणी पातेल्यात चांगलं खदखदेपर्यंत उकळायचं, झाकून गार करायचं आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं. हात आत जाता कामा नये. शिळं पाणी ओतून द्यायची सवय मोडणं मला फार जड गेलं. कालचं उकळलेलं पाणी आजच्या नळापेक्षा चांगलं, हे डोक्याला पटतं, हाताला अजून पटत नाही. देवाला काय? देवालाही उकळलेलंच. त्याची काही तक्रार आलेली नाही.

सुनेची कावीळ हळूहळू उतरली. दोन वेळा रक्ताचा रिपोर्ट वाईट आला आणि त्या दोन दिवसांत पोरगा जेवला नाही. मी जेवले, कारण डबा मला करायचा होता. आठवा सरून पंधरा दिवस झाले आणि बाळंतपण झालं. मुलगी. वजन कमी, आवाज भरपूर. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दोनों ठीक हैं, अम्मा. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला अर्ध्यात धरलं. त्यांच्याच हातावर माझं सगळं वजन आलं, बिचाऱ्या कळवळल्या.

आमच्याकडे जन्मलेल्या लेकराला गुळाच्या पाण्याचं बोट चाटवतात. सासूचा तो मान असतो. विहीणबाई वाटी घेऊन तयार उभ्या होत्या. नर्स म्हणाली, सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही नाही. विहीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी नर्सला झाडीन म्हणून.

"ठेवा थे वाटी," मी म्हणाले. "माह्या हातचं पाणी हिच्या मायनं पुष्कळ पेलं."

सहा महिने मी त्या लेकराला पाणी दिलं नाही. कडक उन्हाळा होता, शेजारीण रोज म्हणायची, काकी, जीव सुकला असन लेकराचा, एक चमचा द्या. मी तिला दारातूनच परत पाठवायची. आणि खरं सांगायचं तर मला पाणी द्यायची भीती बसली होती. सातवा महिना लागला, भाताची पेज सुरू झाली, तेव्हा सुनेने पाणी उकळलं, गार केलं, वाटीत काढलं. मी मुद्दाम धान्य निवडायला बसले. ती आली आणि वाटी-चमचा माझ्या सुपात ठेवला.

"आई, तुम्हीच पाजा."

"तूच पाज. माय आहेस तू तिची."

"मले माहीत आहे मी माय आहे. पाजा ना, पानी ठंडा हो गया है."

पोरीला मांडीवर घेतलं. चमचा तिच्या ओठाला लावला तर तिने तोंड वेडंवाकडं केलं, अर्धं गिळलं आणि अर्धं माझ्या लुगड्यावर थुंकलं. मग पुन्हा तोंड उघडलं.

"पाहा," सून म्हणाली, "और मांग रही है."

मी दुसरा चमचा भरला.